शेंगवर्गीय फूल उकलून नातं लावणं: कळीपासून वंशवृक्षापर्यंत

गुलमोहराचं जवळचं नातलग कोण, चिंच की बाभूळ? बहुतेक जण चिंच म्हणतात. दोन्हींच्या फुलात सुट्या, वेगवेगळ्या आकाराच्या पाकळ्या असतात. बाभळीचं फूल म्हणजे नुसता पिवळा गोंडा, तेव्हा ती वेगळ्याच घरची वाटते. शिवाय जुन्या पाठ्यपुस्तकांत चिंच आणि गुलमोहर एकाच उपकुलात (कुलाच्या पोटगटात) छापलेले असायचे. खरं उत्तर बाभूळ आहे.

ही चूक होते ती काम करण्याच्या क्रमामुळे. फूल पूर्ण उमललेलं घेतलं जातं, पाकळ्या ओढून काढल्या जातात, फुलाच्या भागांची संख्या मांडणारं पुष्पसूत्र लिहिलं जातं आणि त्या सूत्रावरून थेट नातं जोडलं जातं. यात दिशेची नोंद नसते, कळीतली रचना कुणी पाहिलेली नसते आणि फुलातून नाहीशा झालेल्या भागांचा हिशेब राहून गेलेला असतो. खाली दिलेला क्रम बदलू नका. पहिल्या टप्प्यात दिशा चुकली तर पुढचं सगळं नीट करूनही पुष्पचित्र, म्हणजे फुलाच्या भागांची मांडणी वरून दाखवणारी आकृती, उलटंच येतं.

## तयारी: काय आणि किती गोळा करायचं

एका कुलातलं नातं एका फुलावरून लागत नाही. किमान सहा-सात झाडं लागतात, आणि ती मुद्दाम वेगवेगळ्या घडणीची निवडावी लागतात. माझी निवड अशी: पळस किंवा गोकर्ण, वाटाणा, गुलमोहर, बहावा, कांचन, चिंच, बाभूळ. जमलं तर सीताअशोक आणि शिरीष जोडा. सगळी एकाच वेळी फुलत नाहीत, म्हणून जे मिळेल ते स्पिरिटमध्ये टिकवत जा. सुमारे ७० टक्के अल्कोहोल पुरतं. रंग उडतो, म्हणून रंगाची नोंद आणि फोटो ताज्या फुलाचा घ्या.

प्रत्येक झाडाचं हे साहित्य हवं:

१. फुलोऱ्याचा तुकडा, मुख्य दांड्यासकट. सुटं फूल खुडून आणू नका.
२. तीन वयाच्या कळ्या: अगदी लहान, अर्धी वाढलेली, आणि उद्या उमलेल अशी.
३. दोन-तीन उमललेली फुलं.
४. पाकळ्या गळून शेंग धरू लागलेलं एक फूल.

साधनं साधीच आहेत. दहापट भिंग, नवं ब्लेड, दोन सुया, टोकदार चिमटा, काळा आणि पांढरा कागद, मिलिमीटरचा आलेखकागद, बारीक टोकाचं न पुसणारं पेन. ब्लेड नवं हवंच. बोथट ब्लेडनं कळी कापली जात नाही, चेंगरते, आणि चेंगरलेल्या कळीत कोणती पाकळी वर होती ते कळणं अशक्य होतं.

इशारा: खाजकुइली याच कुलातली आहे. तिच्या शेंगांवरची लव कातडीला लागली की भयंकर खाज सुटते, म्हणून फुलोरा घेताना खालच्या शेंगांना हात लावू नका. गुंजेच्या बिया विषारी आहेत, टेबलावर मोकळ्या सोडू नका.

## टप्पा १: दिशा आधी, कापणं नंतर

फुलाची वरची बाजू म्हणजे आकाशाकडची बाजू असं समजू नका. फुलोऱ्याच्या दांड्याकडची बाजू ती वरची, आणि ज्या छदाच्या (फुलाच्या तळाशी असणाऱ्या छोट्या पानाच्या) कुशीत फूल येतं त्या छदाकडची ती खालची. सगळी पुष्पचित्रं याच नियमानं काढतात.

१. फूल दांड्यावर असतानाच दांड्याकडच्या निदलावर (पाकळ्यांबाहेरच्या, बहुधा हिरव्या दलावर) पेनानं ठिपका द्या.
२. ठिपक्यासकट एक फोटो घ्या.
३. मगच फूल तोडा.

बहाव्यात लोक इथेच फसतात. त्याचा घोस खाली लोंबतो, त्यामुळे जमिनीकडची बाजू आणि छदाकडची बाजू यांचा काही संबंध राहत नाही. गोकर्णात गंमत आणखी वेगळी आहे. तिच्या छोट्या देठाला पीळ बसून फूल उलटं होतं आणि मोठी पाकळी खाली जाते. उमललेलं फूल पाहून पुष्पचित्र काढलं तर गोकर्णाची मोठी पाकळी तळाला काढली जाते आणि सगळी आकृती डोक्यावर उभी राहते. लहान कळी पाहा: पीळ पडण्याआधी ती पाकळी दांड्याकडेच असते.

तपासा: पाच निदलांपैकी एक बरोबर मधोमध, छदाकडे आलं आहे का? शेंगवर्गीयांत साधारण असंच असतं, आणि त्यामुळे एकटी पाकळी वर, दांड्याकडे येते. तुमच्या आकृतीत एकटं निदल वर आलं असेल तर बहुधा ठिपका चुकीच्या बाजूला पडलाय. बाभळीच्या किंवा लाजाळूच्या गोंड्यात मात्र ही खूण शोधत बसू नका. त्या चिमुकल्या फुलांत ती हातभिंगानं पकडता येत नाही, आणि त्यांना ओळखायला तिची गरजही नाही.

## टप्पा २: कळी आडवी कापा

सगळ्यात जास्त माहिती देणारा आणि सगळ्यात जास्त वेळा गाळला जाणारा टप्पा हा. उमललेल्या फुलात पाकळ्या एकमेकींपासून सुटतात, वळतात, मागे पडतात. कोण कुणाच्या बाहेर होती हे कळीतच टिकून असतं.

कळी कोणत्या वयाची घ्यायची? फार लहान घेऊ नका. विशेषतः पतंगरूप (वाटाणा-पळसाच्या घडणीच्या) फुलांत पाकळ्या उशिरा वाढतात. लहान कळीत निदलपुंज आणि परागकोषच दिसतात, पाकळ्या तळाशी खवल्याएवढ्या असतात. पाकळ्या निदलांच्या वर डोकावायला लागल्या की ती कळी योग्य. पाकळ्यांनी कळीचा जो भाग भरलाय त्याच्या मधोमध एकाच फटक्यात आडवा छेद घ्या. करवतीसारखं ब्लेड मागे-पुढे करू नका. छेद काळ्या कागदावर ठेवा, ठिपका वर.

आता फक्त एकच प्रश्न विचारा: दांड्याकडची पाकळी शेजारणींच्या बाहेर आहे की आत?

पळस, वाटाणा, गोकर्ण, पांगारा यांत ती सगळ्यांच्या बाहेर असते. तिला ध्वज म्हणतात. तिच्या आत दोन बाजूंचे पंख, आणि सगळ्यांत आत खालच्या दोन पाकळ्यांची नौका. गुलमोहर, बहावा, कांचन यांत उलट असतं, तीच पाकळी सगळ्यांत आत दडलेली असते. गुलमोहरात ही पाकळी ओळखायला सोपी आहे, कारण इतर चार पाकळ्या तांबड्या असताना हिच्यावर पांढरे-पिवळे पट्टे आणि ठिपके असतात. त्यामुळे नवख्यानं गुलमोहरापासून सुरुवात करावी. बाभळीत पाकळ्या एकमेकींवर चढतच नाहीत, कडेला कड लावून बसतात.

इशारा: फुलपाखरासारखं दिसतं म्हणून पतंगरूप, असं लिहू नका. सर्सिस नावाच्या प्रजातीचं (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) फूल दुरून अगदी वाटाण्याच्या फुलासारखं दिसतं: वर एक पाकळी, बाजूला दोन, खाली दोन. कळी कापली की वरची पाकळी सगळ्यांत आत सापडते. सर्सिस कांचनाच्या उपकुलातली आहे, वाटाण्याच्या नाही. आडवा छेद घेतलाच नसता तर हे कधी कळलं नसतं.

## टप्पा ३: बाहेरून आत, आणि नसलेलेही मोजा

आता उमललेलं फूल घ्या. भाग ओढून काढू नका. वाटाण्याच्या पंखांना घड्या असतात आणि त्या नौकेच्या घड्यांत अडकलेल्या असतात. पंख ओढला की नौका फाटते आणि आतले पुंकेसर तुटतात. प्रत्येक पाकळी तळाशी, अरुंद मानेच्या जागी ब्लेडनं कापा आणि दांड्याकडून सुरुवात करून क्रमानं कागदावर मांडा.

फुलाच्या तळाशी, निदलं जिथून सुरू होतात तिथे बहुतेक वेळा पेल्यासारखी छोटी बैठक असते. तिला निदलांत धरू नका.

जे दिसतं ते मोजायला कुणालाही येतं. खरी गोची नसलेल्या भागांची. त्यासाठी चिंचेचं फूल अर्धा तास भिंगाखाली ठेवण्यासारखं आहे. कळी दोन लालसर, होडीच्या आकाराच्या छदकांत (फुलाच्या देठावरच्या चिमुकल्या पानांत) झाकलेली असते आणि ती छदकं लवकर गळतात. उमललेलं फूल आणलं तर ती कधी पाहायलाच मिळत नाहीत, आणि नातं ठरवायला लागणारी खूण नेमकी तीच आहे. निदलं चार दिसतात, पण दांड्याकडचं निदल दोन जुळून झालेलं आहे, म्हणजे मुळात पाचच. लाल शिरांच्या फिकट पिवळ्या पाकळ्या तीन. उरलेल्या दोन कुठे गेल्या? पुंकेसरांच्या तळाशी, छदाकडच्या बाजूला, सुईनं हलकेच चाचपडा. तिथे दोन बारीक केसासारखे अवशेष सापडतील. मोठे पुंकेसर तीनच असतात, खाली निम्म्यापर्यंत एकत्र जुळलेले, आणि त्या जुळलेल्या पट्टीच्या कडेला वांझ पुंकेसरांचे बारीक दाते. म्हणजे वरवर चार-तीन-तीन दिसणारं हे फूल पाच-पाच-दहा या आराखड्यातूनच आलेलं आहे.

सीताअशोक याहून फसवा आहे. नारिंगी रंगाच्या चार 'पाकळ्या' दिसतात, पण त्या पाकळ्या नव्हेतच. खालची लांब नळी म्हणजे ती पेल्यासारखी बैठक, तिच्या तोंडाशी रंगीत झालेली चार निदलं, आणि पाकळ्या मुळात नाहीतच. त्या नळीच्या तळाशी दोन रंगीत छदकं असतात, ती लोकांना निदलं वाटतात. मग निदलं दोन, पाकळ्या चार असं काहीतरी अफाट सूत्र तयार होतं.

कांचनात निदलपुंज एका बाजूनं फाटून पानासारखा लोंबतो, म्हणून तो एकच निदल वाटतो. त्याच्या टोकाचे बारीक दात मोजा. पांगाऱ्यात ध्वज एवढा मोठा असतो की पंख आणि नौका त्याच्यापुढे नजरेतच येत नाहीत, आणि फूल एकाच पाकळीचं म्हणून नोंदलं जातं.

तपासा: एखादा भाग पाचापेक्षा कमी आला की त्यापुढे कारण लिहा: जुळला, आखडून अवशेष उरला, की खूणही राहिलेली नाही. 'चार' एवढंच लिहिलेली नोंद पुढच्या टप्प्यांत निरुपयोगी ठरते.

## टप्पा ४: पुंकेसर

इथे तीन गोष्टी नोंदवायच्या: किती, कुठे जुळलेले, आणि सगळे कामाचे आहेत का.

पळसापासून सुरुवात करा, फूल मोठं असल्यानं हात बसतो. ध्वज काढा, नौकेची वरची धार उकला. पुंकेसरांची नळी दिसेल. दांड्याकडच्या बाजूनं सुई तळाशी हळूच घाला. एक पुंकेसर सुटा वर उचलला जातो आणि उरलेले नऊ वरून उघड्या पन्हळीसारखे एकत्र राहतात. नऊ अधिक एक ही रचना अशी हातानं पटवून घ्यायची असते, नुसतं पाहून लिहायची नसते. वाटाण्यात त्या सुट्या पुंकेसराच्या तळाशी दोन्ही बाजूंना बारीक फटी आहेत का पाहा. मधमाशीची सोंड मधुरसापर्यंत तिथून पोचते.

सगळ्या पतंगरूप फुलांत नऊ अधिक एकच असतं असं मात्र नाही. खुळखुळ्यात दहाही एकत्र असतात आणि परागकोष आळीपाळीनं लांब आणि लहान असतात. सोफोरा प्रजातीत दहाही सुटे असतात.

बहाव्यात दहा पुंकेसर तीन मापांचे निघतात: छदाकडचे तीन खूप लांब आणि बाकदार, मधले चार मध्यम, दांड्याकडचे तीन अगदी आखूड. तिन्ही मापं मिलिमीटरमध्ये लिहा. 'असमान' या एका शब्दावर भागवू नका.

कांचनाच्या बाबतीत आकडा जातीगणिक बदलतो. एका जातीत कामाचे पुंकेसर तीन, दुसरीत पाच, आणि आपट्यात दहा. तिन्हींची पानं तीच दुभंगलेली. तेव्हा पुंकेसरांच्या संख्येवरून उपकुल ठरवण्याचा मोह आवरा.

बाभूळ आणि शिरीष यांच्याकडे येताना एक गोष्ट आधी पक्की करा. एक गोंडा म्हणजे एक फूल नव्हे. गोंड्यातून एक फूल चिमट्यानं सुटं करा. बाभळीचा पाकळ्यांचा पेला तीनएक मिलिमीटरचा असतो, आणि गोंड्याचा सगळा पिवळा रंग त्यातून बाहेर पडणाऱ्या असंख्य पुंकेसरांचा. बाभळीत ते तळापर्यंत सुटे, शिरीषात तळाशी नळीत जुळलेले. लाजाळूत प्रत्येक फुलाला फक्त चार. वर्षावृक्षाच्या गोंड्यात मधलं फूल बाकीच्यांपेक्षा मोठं आणि वेगळ्या घडणीचं असतं, म्हणून नमुना कडेच्या फुलाचा घ्या आणि मधल्याची वेगळी नोंद करा.

इशारा: 'पुंकेसर जुळलेले' हे एकच लक्षण म्हणून लिहू नका. पळसात दहातले नऊ जुळतात, चिंचेत तीन, शिरीषात कितीतरी. तिन्ही ठिकाणी जुळण्याची जागा आणि तऱ्हा वेगळी आहे. शब्द एक असला तरी गोष्टी तीन आहेत.

## टप्पा ५: अंडाशय

हा टप्पा लवकर उरकतो. शेंग धरू लागलेलं फूल घ्या, अंडाशय आडवा कापा. एकच कप्पा, आणि बीजांडं एकाच शिवणीला, दांड्याकडच्या बाजूला लागलेली. शेंगेला दोन शिवणी असतात म्हणून दोन स्त्रीकेसर जुळले असतील असं काहींना वाटतं. बीजांडं कोणत्या शिवणीला आहेत ते पाहिलं की शंका मिटते.

सगळ्या नमुन्यांत उत्तर बहुधा हेच येईल, आणि तसं आलं पाहिजे. नमुना या कुलातला आहे की नाही याची ती चाचणी आहे. पॉलिगालाचं फूल वाटाण्याच्या फुलासारखंच दिसतं, पण त्याचे 'पंख' म्हणजे रंगीत झालेली दोन निदलं असतात, पुंकेसर बहुधा आठ, आणि अंडाशयाचे कप्पे दोन. ते वेगळ्या कुलातलं आहे, याच कुलाचं शेजारी.

## टप्पा ६: तक्ता

आता फुलं बाजूला ठेवा. उभ्या रांगेत झाडं, आडव्या रांगेत लक्षणं. लक्षण म्हणजे असा प्रश्न, ज्याचं उत्तर दुसरा माणूस त्याच फुलावरून तुमच्यासारखंच देईल. 'फूल आकर्षक' हे लक्षण नव्हे. 'दांड्याकडची पाकळी कळीत बाहेर, आत, की कडेला कड' हे लक्षण.

माझ्या तक्त्यात साधारण ही येतात: कळी झाकणारी छदकं आहेत का, वरच्या पाकळीची कळीतली जागा, फुलाची सममिती, पाकळ्या सुट्या की जुळलेल्या, कामाचे पुंकेसर किती, ते कसे जुळलेले, बैठकीची लांबी.

दोन चुका इथे सर्रास होतात. पहिली म्हणजे एकच बदल तीन-चार वेळा मोजणं. मोठा ध्वज, दोन सारखे पंख, जुळलेली नौका, द्विपार्श्व सममिती (फक्त डावी-उजवी बाजू सारखी) ही चार स्वतंत्र लक्षणं म्हणून लिहिली की पतंगरूप फुलं तक्त्यात एकमेकांच्या फारच जवळ येतात, कारण ही लक्षणं बरोबरीनं बदलतात. आफ्रिकेतली केडिया पर्प्युरिया याचा पुरावा आहे. ती पतंगरूप उपकुलातलीच, पण तिचं फूल अरीय सममितीचं, घंटेसारखं, पाचही पाकळ्या एकसारख्या. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की ध्वजाची ओळख ठरवणाऱ्या जनुकाचं काम तिथे एका पाकळीपुरतं न राहता पाचही पाकळ्यांवर पसरलंय. एका जनुकाच्या कामाची जागा बदलली आणि फुलाचं सगळं रूप पालटलं. गोकर्णाच्या दुहेरी फुलाच्या प्रकारातही पाकळ्या ध्वजासारख्या होतात, तो मिळाला तर शेजारी ठेवून पाहा.

दुसरी चूक: 'नाही' आणि 'लागू नाही' यांची सरमिसळ. सीताअशोकाला पाकळ्याच नाहीत, तर वरची पाकळी कळीत आत की बाहेर या चौकटीत 'लागू नाही' लिहायचं. तिथे 'आत नाही' लिहिलंत तर तक्ता त्याला पळसाच्या ओळीत नेऊन बसवेल.

## टप्पा ७: जुनं साम्य आणि नवं साम्य वेगळं करा

नातं लावताना सगळी साम्यं सारख्या वजनाची नसतात. दोन भावंडांना दोन-दोन हात आहेत, यावरून ती भावंडं ठरत नाहीत, कारण हात सगळ्यांनाच असतात. तक्त्यातलं प्रत्येक साम्य या चाळणीतून घालावं लागतं.

त्यासाठी कुलाबाहेरचे नातलग पाहावे लागतात. शेंगांच्या कुलाबरोबर फॅबेलीझ या गणात आणखी तीन कुलं आहेत: पॉलिगालाचं, सुरियानाचं आणि क्विलाजाचं. क्विलाजात पाच निदलं, पाच सुट्या पाकळ्या, दहा पुंकेसर आणि पाच स्त्रीकेसर असतात. सुरियानातही पाच पाकळ्या आणि पाच सुटे स्त्रीकेसर. यावरून दोन गोष्टी ठरवता येतात. पाच सुट्या पाकळ्या आणि दहा सुटे पुंकेसर हा पूर्वापार आराखडा आहे. एकच स्त्रीकेसर उरणं ही शेंगांच्या कुलानं मिळवलेली नवी गोष्ट आहे. ती कुलाची ओळख सांगते, पण कुलाच्या आत कोण कुणाच्या जवळ हे सांगत नाही.

आता तक्ता पुन्हा वाचा. गुलमोहर आणि आपटा, दोघांनाही दहा सुटे पुंकेसर. हे जुनं साम्य, यावरून नातं जोडायचं नाही. जुनं सिसाल्पिनिया उपकुल नेमकं याच चुकीवर उभं होतं: जे पतंगरूप नाही आणि ज्याचा गोंडा नाही, ते सगळं त्यात. चिंच, कांचन, बहावा, गुलमोहर एकत्र आले ते त्यांच्यात नसलेल्या गोष्टींमुळे.

याउलट चिंच आणि सीताअशोक यांची कळीलगतची रंगीत छदकं बाहेरच्या नातलगांत नाहीत आणि गुलमोहर-बहाव्यातही नाहीत. हे नवं साम्य, आणि ते दोघांना एका शाखेवर बसवतं. ध्वज कळीत सगळ्यांच्या बाहेर असणं हे पतंगरूप फुलांचं असंच नवं साम्य.

तपासा: गोकर्णाच्या निदलपुंजालगतही दोन मोठी गोलसर छदकं असतात. मग ती चिंचेची नातलग का? बाकीच्या चौकटी पाहा. ध्वज बाहेर, पुंकेसर नऊ अधिक एक: ती सगळ्या बाजूंनी पळसाकडे ओढली जाते. छदकं तिथे स्वतंत्रपणे मोठी झालेली आहेत. एका लक्षणावर शाखा उभी करायची नाही ती यासाठी.

## टप्पा ८: डीएनएच्या वंशवृक्षावर लक्षणं बसवा

स्वतःचा कच्चा वृक्ष काढल्यावरच प्रसिद्ध झालेला वंशवृक्ष उघडा. आधी उघडलात तर डोळे त्याला हवं तेच फुलात पाहायला लागतात.

या कुलात सुमारे ७७० प्रजाती आणि साडेएकोणीस हजारांच्या आसपास जाती आहेत. सूर्यफूल आणि ऑर्किड यांच्या कुलांनंतर याचाच नंबर लागतो. हरितलवकातल्या मॅट-के जनुकाच्या आधारे २०१७ साली जुन्या तीन उपकुलांच्या जागी सहा उपकुलं मांडली गेली. कांचनाचं सर्सिडॉइडी, चिंच आणि सीताअशोकाचं डेटारिऑइडी, फक्त एकाच जातीचं ड्युपार्केशिऑइडी, डायलियमचं डायलिऑइडी, पळस-वाटाण्याचं पॅपिलिओनॉइडी, आणि गुलमोहर, बहावा, बाभूळ, शिरीष, लाजाळू यांना एकत्र घेणारं सिसाल्पिनिऑइडी. गोंडेवाल्यांचं जुनं उपकुल आता सिसाल्पिनिऑइडीच्या आतली एक फांदी झालंय. पॅपिलिओनॉइडी ही सिसाल्पिनिऑइडीची बहीण-शाखा आणि डायलिऑइडी त्या दोघींच्या जवळची. मुळाशी शाखा फार थोड्या काळात फुटल्यामुळे तिथला क्रम अजून वादात आहे. म्हणून तुमच्या आकृतीत मुळापाशी ओढूनताणून दोन-दोनच्या जोड्या लावू नका, फांद्या एकाच ठिकाणाहून फुटलेल्या दाखवा.

पुढचं काम पेन्सिलीचं. छापील वृक्षाच्या फांद्यांवर प्रत्येक लक्षण कुठे बदललं असेल त्या ठिकाणी आडवी रेघ मारा, आणि कमीत कमी रेघांत जमवा. पुंकेसर जुळण्याच्या रेघा तीन वेगळ्या ठिकाणी माराव्या लागतील: चिंचेच्या फांदीवर, पतंगरूपांच्या आत आणि शिरीषाच्या फांदीवर. पाकळ्यांची कडेला कड ही रेघ बाभूळ-शिरीष-लाजाळू यांच्या सामाईक फांदीवर बसते.

गुलमोहर आणि बाभूळ यांना जोडणारी ठळक रेघ फुलातून तुम्हाला मिळणार नाही. गोंड्यातल्या फुलानं जुनी घडण इतकी पुसलीय की नात्याच्या खुणा फुलात उरलेल्याच नाहीत. दोन्हींची दुहेरी पिसासारखी पानं काहीतरी सुचवतात, पण बहाव्याचं पान एकेरी आहे, तेव्हा तो धागाही पूर्ण उपकुलाला पुरत नाही. इथे डीएनएचं ऐकायचं आणि तक्त्यात 'फुलावरून ठरत नाही' असं प्रामाणिकपणे लिहायचं. दोन्ही जुळावं म्हणून तक्त्यातली नोंद बदलणं ही या सगळ्या कामातली सगळ्यात वाईट चूक, आणि ती भल्याभल्यांकडून होते.

## नोंद आणि वृक्ष जुळत नसतील तर

लक्षणांवर संशय घेण्याआधी स्वतःच्या कामावर घ्या, आणि याच क्रमानं:

१. ठिपका दांड्याकडच्या निदलावरच होता का? पहिला फोटो काढून पाहा.
२. कळीचा छेद पाकळ्यांतून गेला होता की फक्त निदलांतून?
३. कमी भरलेल्या भागांपुढे कारण लिहिलंय का? नसेल तर अवशेष पुन्हा शोधा, या वेळी कळीत, कारण उमलताना ते गळून पडू शकतात.
४. झाडाची ओळख बरोबर आहे का? कांचनाच्या जाती एकमेकींच्या नावानं सर्रास ओळखल्या जातात. पान, शेंग आणि फूल तिन्ही असलेला वाळवलेला नमुना ठेवलेला असेल तरच हे नंतर तपासता येतं.
५. दुसऱ्या झाडाचं, शक्यतो दुसऱ्या ठिकाणचं फूल घेऊन तीच नोंद पुन्हा करा. एका झाडाचं एखादं फूल विकृत असू शकतं.

हे पाचही बरोबर निघालं आणि तरी लक्षण वृक्षाशी भांडत असेल, तर ते लक्षण त्या फांदीवर स्वतंत्रपणे बदललेलं आहे. तिथे रेघ मारा, बाजूला झाडाचं नाव लिहा आणि ती कळी स्पिरिटमध्ये ठेवून द्या. बाटलीतली चिठ्ठी पेन्सिलीनं लिहा, पेनाची शाई स्पिरिटमध्ये उतरते.